पूर ओसरल्यावर दुकानाचा क्लेम : शटर उघडल्यापासून पैसे जमा होईपर्यंत

पाणी उतरलं की दुकानदाराचा हात आधी खराट्याकडे जातो. चिखल ओला आहे तोवर काढायचा, एकदा वाळला की फावड्यानेही निघत नाही, हे त्याला ठाऊक असतं. पण खराटा लावण्याआधीचा एक तास क्लेमसाठी फार मोलाचा आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत पंचगंगा-कृष्णेचं पाणी आलं, 2021 च्या जुलैत चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी शिरलं. दोन्ही वेळा आधी दुकान धुऊन मग विमा कंपनीला फोन करणाऱ्यांना ‘माल होता कुठे आणि पाणी किती वर आलं’ हे सिद्ध करताना नाकी नऊ आले.

पूरग्रस्त दुकानांचे, छोट्या कारखान्यांचे क्लेम ज्या क्रमाने पुढे सरकतात, त्याच क्रमाने इथे लिहिलं आहे. पॉलिसी बहुतेकांकडे ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ हीच असते. एका ठिकाणच्या मालमत्तेची एकूण किंमत 5 कोटींपर्यंत असेल तर ही पॉलिसी लागू होते. 5 ते 50 कोटींसाठी ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ आहे. दोन्ही 1 एप्रिल 2021 पासून आल्या आणि वादळ, पूर, पाणी तुंबणं हे त्यांत धरलेलं आहे. त्याआधीच्या स्टँडर्ड फायर पॉलिसीत थोडा हप्ता वाचवण्यासाठी पुराचं कलम काढून टाकता यायचं. अशी ‘स्वस्त’ पॉलिसी हातात असल्याचं काहींना पाणी आल्यावरच कळलं.

पहिला तास

आत जाण्याआधी मेन स्विच बंद असल्याची खात्री करायची. मीटरबोर्ड पाण्याखाली गेला असेल तर वायरमनने पाहिल्याशिवाय हात लावायचा नाही. मग मोबाइलवर व्हिडिओ सुरू करायचा आणि सुरुवात बाहेरून करायची : रस्ता, शेजारची दुकानं, आपली पाटी, शटर, आणि मग आत. भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ असते, तिला मोजपट्टी लावून आकडा दिसेल असा फोटो घ्यायचा. ही रेघ पुढे फार कामाला येते. पाणी 5 फूट 4 इंच चढलं हे एकदा ठरलं की त्याखालच्या फळ्यांवरचा माल भिजला हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. दोन दिवसांनी भिंत धुतली की हा पुरावा गेला.

दारापासून डावीकडून सुरुवात करून एकेका रॅकचा, फळीचा, माळ्याचा फोटो घ्यायचा. काहीही सरकवायचं नाही, उलटंपालटं पडलेलं तसंच दिसू द्यायचं. यंत्रांच्या नंबर-प्लेटा पुसून त्यांचे जवळून फोटो घ्यायचे. हे सगळं त्याच दिवशी स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवायचं, कारण फोन बिघडतो, हरवतो, आणि ईमेलवर तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते.

त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवायचं. एजंटला फोन केला, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकले, एवढ्यावर थांबू नये. एजंटला शंभर लोकांचे फोन येत असतात. कंपनीच्या क्लेमच्या ईमेलवर किंवा टोल-फ्री क्रमांकावर कळवून क्लेम नंबर मिळवायचा. मजकूर साधा ठेवावा : पॉलिसी नंबर, पत्ता, पाणी कधी शिरलं, कधी उतरलं, किती फूट होतं, माल-फर्निचर-यंत्रं यांपैकी कशाचं नुकसान झालं, आणि अंदाजे रक्कम. रकमेपुढे ‘प्राथमिक अंदाज, अंतिम आकडा मोजणीनंतर’ हे शब्द नक्की लिहावेत. घाईत दोन लाख लिहून नंतर बारा लाखांची यादी दिली की पहिला प्रश्न या फरकाबद्दलच येतो.

याच ईमेलमध्ये आणखी एक वाक्य हवं : ‘नुकसान वाढू नये म्हणून अमुक तारखेपासून साफसफाई आणि सुकवणी सुरू करत आहोत, फोटो-व्हिडिओ राखून ठेवले आहेत.’ सर्व्हेअर (नुकसान मोजायला कंपनीने नेमलेला तज्ज्ञ) येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही असा समज सगळीकडे पसरलेला आहे, आणि तो महागात पडतो. वाचण्यासारखा माल वाचवणं ही विमाधारकाचीच जबाबदारी आहे. कापडाच्या गठ्ठ्यातले मधले तागे दोन दिवस तसेच राहिले तर काळे पडतात. लोखंडावर चिखल वाळला की गंज धरतो. मग कंपनी म्हणते, एवढं नुकसान पुराने झालेलं नाही, हयगयीने झालं आहे. पुरावा घ्यायचा, कळवायचं आणि कामाला लागायचं.

पॉलिसीत पाहायच्या जागा

पॉलिसीचा कागद भिजला असेल तर कंपनीकडून पीडीएफ मागवून घ्यावी. तिच्यात आधी पत्ता पाहायचा. दुकान बाजारपेठेत आणि वखार मागच्या गल्लीत असेल, पण पत्ता फक्त दुकानाचा असेल, तर वखारीतला माल विम्यात नाही. यावर नंतर उपाय नाही. दोन-तीन ठिकाणी माल फिरत असेल तर सगळे पत्ते घालून ‘फ्लोटर’ घ्यावा लागतो. तळघरातला माल वगळल्याची किंवा माल जमिनीपासून ठरावीक उंचीवर ठेवण्याची अट काही पॉलिसींना जोडलेली असते, तीही शोधावी.

मग रकमा पाहायच्या. इमारत, फर्निचर, यंत्रं आणि माल यांच्या रकमा वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात. मालाची रक्कम कमी पडली म्हणून फर्निचरची शिल्लक तिकडे वळवता येत नाही. भाड्याच्या गाळ्यात स्वतः केलेलं पीओपी, काचा, लाकडी कपाटं फर्निचरखाली नोंदवलेली नसतील तर तीही बाहेरच राहतात.

या पॉलिसीतले काही छोटे लाभ मागितल्याशिवाय कोणी देत नाही. गाळ आणि ढिगारा काढण्याचा खर्च क्लेमच्या 2 टक्क्यांपर्यंत मिळतो. आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरची फी 5 टक्क्यांपर्यंत मिळते, पण क्लेमचे कागद तयार करून देणाऱ्याची फी त्यात बसत नाही. विम्यात धरलेल्या घटनेमुळे सात दिवसांच्या आत चोरी झाली तर तीही धरली जाते. पुरात शटर वाकलं आणि रात्री कोणी आत शिरलं, तर पोलिसांत तक्रार देऊन हा भाग क्लेममध्ये वेगळा दाखवावा. दुकान बंद राहिल्याने बुडालेला नफा, त्या काळातले पगार आणि भाडं यांतलं काहीच या पॉलिसीत मिळत नाही. त्यासाठी नफा-तोट्याचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं, आणि लहान दुकानांत ते क्वचितच घेतलेलं असतं.

सर्व्हेअर येतो तेव्हा

विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमला जावा, त्याचा अहवाल 15 दिवसांत यावा आणि अहवालानंतर 7 दिवसांत कंपनीने निर्णय द्यावा. अख्खी बाजारपेठ बुडालेली असते तेव्हा एकेका सर्व्हेअरकडे कितीतरी दुकानं येतात आणि या मुदती ताणल्या जातात. तरी मुदत आपल्याला माहीत आहे हे पत्रव्यवहारात दिसलं की फाइल मागे पडत नाही.

त्याच्या भेटीआधी मालाचे तीन ढीग करून ठेवावेत : पूर्ण खराब, अर्धवट खराब आणि कोरडा. प्रत्येक ढिगाची यादी करायची : वस्तू, मेक, नग किंवा किलो, खरेदीचा दर, बिल नंबर. कोरड्या मालाची यादी लपवण्याचा मोह होतो. तो टाळावा. सर्व्हेअर एकूण मालातून वाचलेला माल वजा करूनच नुकसान काढतो, आणि माळ्यावरचा माल त्याने स्वतः मोजला की लपवलेली गोष्ट उघडी पडते. त्यानंतर तो बाकीच्या यादीवरही विश्वास ठेवत नाही.

खाण्याचे पदार्थ, औषधं, बी-बियाणं, खतं असा माल सडतो, वास सुटतो, नगरपालिका लगेच उचलायला लावते. सर्व्हेअर येऊ शकत नसेल तर त्याला व्हिडिओ कॉलवर ढीग दाखवावा, ‘नष्ट करतो आहोत’ असा ईमेल टाकावा, ट्रॅक्टर-ट्रॉलीत भरतानाचे फोटो घ्यावेत आणि नगरपालिकेकडून किती ट्रॉल्या उचलल्या याची लेखी नोंद मागावी. औषध दुकानदारांनी बॅच नंबरसह यादी ठेवायचीच.

मोजणी संपल्यावर सर्व्हेअर जो तपशील टिपतो त्यावर आपली सही घेतो. त्याची प्रत त्याच वेळी मागून घ्यायची, निदान फोटो तरी काढायचा. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो, तरी त्याची प्रत फाइलला लावावी. एक सावधगिरी मात्र हवी. पंचनाम्यात ‘अंदाजे नुकसान 50 हजार’ असं सरसकट लिहिलेलं असतं आणि पुढे तोच आकडा आपल्यासमोर ठेवला जातो. लिहिताना शेजारी उभं राहून ‘तपशीलवार मोजणी बाकी’ एवढे शब्द घालून घ्यावेत.

मालाचा आकडा कसा निघतो

बहुतेक क्लेम खऱ्या अर्थाने इथेच ठरतो, म्हणून इथे जरा थांबू.

यादीवरून नुकसान मिळत नाही. पूर आला त्या दिवशी वहीप्रमाणे माल किती असायला हवा हे सर्व्हेअर आधी काढतो. रीत अशी : वर्षाच्या सुरुवातीचा शिल्लक माल अधिक तेव्हापासूनची खरेदी, आणि त्यातून विक्रीची मूळ किंमत वजा. विक्रीतून नफा काढायला मागच्या दोन-तीन वर्षांच्या ताळेबंदातलं ढोबळ नफ्याचं प्रमाण घेतात.

उदाहरण घेऊ. 1 एप्रिलला शिल्लक माल 18,00,000. एप्रिल ते 21 जुलै खरेदी 14,50,000. त्याच काळातली विक्री 16,00,000 आणि ढोबळ नफा विक्रीच्या 20 टक्के, म्हणजे विकलेल्या मालाची मूळ किंमत 12,80,000. वहीप्रमाणे माल झाला 19,70,000. त्यात न खपणारा, जुना माल 50,000 चा धरला तर उरतात 19,20,000. माळ्यावर मोजलेला कोरडा माल 4,20,000. म्हणजे भिजलेला माल 15,00,000. भिजलेल्यातून विकता येईल त्याची किंमत, म्हणजे सॅल्व्हेज, 1,80,000. निव्वळ नुकसान 13,20,000.

आता पॉलिसी पाहू. समजा मालाची विमा रक्कम 15,00,000 आहे. नुकसान तर त्याच्या आतच आहे, म्हणजे पूर्ण मिळेल असं वाटतं. मिळत नाही. दुकानात माल होता 19,20,000 चा, विमा 15,00,000 चा. विमा सुमारे 22 टक्के कमी पडला. 15 टक्क्यांपर्यंतची कमतरता ही पॉलिसी माफ करते. त्यापुढे गेलं की अ‍ॅव्हरेज (विमा जितका कमी तितक्या प्रमाणात कपात) लागतं, आणि ते फक्त वरच्या 7 टक्क्यांवर लागत नाही, पूर्ण प्रमाणात लागतं. 15,00,000 भागिले 19,20,000 म्हणजे 78.125 टक्के. 13,20,000 चे झाले 10,31,250. त्यातून पॉलिसीत लिहिलेला एक्सेस, म्हणजे दर क्लेममध्ये आपण स्वतः सोसायचा वाटा, आणखी वजा होतो.

हाच विमा 16,50,000 चा असता तर कमतरता 14 टक्क्यांवर आली असती, अ‍ॅव्हरेज लागलंच नसतं आणि एक्सेस सोडून 13,20,000 पूर्ण हिशोबात आले असते. म्हणजे दीड लाखाच्या जादा विम्याने 2,88,750 रुपयांचा फरक पडतो. तेवढ्या जादा रकमेचा वर्षाचा हप्ता काही शे रुपये असतो. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी विमा रक्कम आजच्या मालावरून ठरवू नये. वर्षभरात ज्या महिन्यात माल सगळ्यात जास्त असतो, त्या महिन्याच्या आकड्यावरून ठरवावी. कापड दुकानात हा महिना दिवाळीआधीचा असतो, शालेय साहित्याच्या दुकानात मे-जूनचा, छत्र्या-रेनकोटवाल्याकडे तर पुराच्या तोंडावरचाच.

दर खरेदीचा लागतो, छापील किमतीचा किंवा विक्रीचा नाही. वाहतूक, हमाली बिलात किंवा वहीत दिसत असेल तर ती धरली जाते.

तीन कागद, तीन आकडे

मालाचा आकडा तीन ठिकाणी लिहिलेला असतो : आपल्या हिशोबात, आयकर विवरणातल्या ताळेबंदात, आणि कॅश क्रेडिटसाठी (मालाच्या तारणावरचं बँकेचं फिरतं कर्ज) बँकेला दर महिन्याला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये. सर्व्हेअर तिन्ही मागतो. लहान व्यवसायांचे क्लेम इथे जितके अडकतात तितके दुसरीकडे कुठेच नाहीत.

बँकेत मर्यादा पूर्ण वापरता यावी म्हणून स्टेटमेंटमध्ये माल 30 लाख दाखवलेला, कर कमी बसावा म्हणून ताळेबंदात शिल्लक 11 लाख, आणि दुकानात खरा माल 19 लाख. असं असेल तर कुठलाच आकडा आपल्या बाजूने बोलत नाही. नुकसान मोजताना सर्व्हेअर ताळेबंदातली 11 लाखांची सुरुवातीची शिल्लक धरतो. विमा कमी पडला का हे पाहताना बँकेच्या 30 लाखांकडे बोट दाखवतो. दोन्हीकडून कात्री लागते. इतकी तफावत पाहून कंपनी ‘चुकीची माहिती दिली’ असा मुद्दाही काढू शकते.

फरक खरोखर समजावून सांगण्यासारखा असेल तर तो लेखी समजावावा. बँकेच्या आकड्यात जीएसटी धरलेला आहे, ताळेबंदात नाही. बँकेला 30 जूनचं स्टेटमेंट दिलं आणि 10 जुलैला मोठी विक्री झाली. वाटेतला माल एकीकडे धरला, दुसरीकडे नाही. असं एक पानाचं जुळवणीपत्रक चार्टर्ड अकाउंटंटच्या सहीने दिलं की बऱ्याच शंका मिटतात. फसवा फरक मात्र कुठल्याही पत्रकाने जुळत नाही. त्यावर इलाज पूर येण्याआधीच्या महिन्यांत असतो : बँकेला खरा आकडा देणं.

वही भिजली, संगणक बुडाला

टॅलीचा संगणक काउंटरखाली असतो आणि बॅकअपचा पेनड्राइव्ह त्याच खणात. दोन्ही जातात. तरी हिशोब पुन्हा उभा करता येतो. खरेदीसाठी जीएसटी पोर्टलवरचं जीएसटीआर-2बी काढायचं, त्यात पुरवठादारांनी भरलेली बिलं दिसतात. विक्रीसाठी स्वतः भरलेलं जीएसटीआर-1 आहे. चालू महिन्याचं विवरण भरलेलं नसेल तर ई-वे बिलं, बँक खात्याचा उतारा, यूपीआयच्या नोंदी आणि पुरवठादारांकडून शिक्क्यासह खात्याचे उतारे मागवायचे. संगणक चिखलासकट चालू करून पाहायचा नाही. हार्डडिस्क काढून डेटा परत मिळवणाऱ्याकडे द्यायची.

भिजलेल्या बिलांचा गठ्ठा ओला असताना पानं ओढून वेगळी करू नयेत, फाटतात. मध्ये मध्ये कोरडे कागद घालून पंख्याखाली, सावलीत सुकवावीत. उन्हात टाकली की पानं एकमेकांना चिकटतात. शाई पसरलेली बिलंसुद्धा फेकायची नाहीत, ‘मूळ कागद भिजले’ याचा तोच पुरावा असतो.

जीएसटीचा पेच

माल खरेदी करताना भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे विक्रीवरच्या करातून वजावट, आपण घेतलेलं असतं. माल नष्ट झाला की केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 17(5)(एच) प्रमाणे ते क्रेडिट परत करावं लागतं. हे उलटवणं जीएसटीआर-3बी या विवरणाच्या तक्ता 4(बी)(1) मध्ये दाखवायचं. सर्व्हेअर मात्र ‘क्रेडिट मिळालंय’ म्हणून मालाची किंमत जीएसटीशिवाय धरतो. म्हणजे 12 लाखांच्या नष्ट मालावर 18 टक्क्यांनी 2,16,000 रुपये स्वतःच्या खिशातून जातात.

हे टाळायचं तर दोन गोष्टी लागतात. मालाची विमा रक्कम जीएसटी धरून काढलेली असावी आणि पॉलिसीत तसं लिहिलेलं असावं. शिवाय क्रेडिट प्रत्यक्ष उलटवल्याचा पुरावा द्यावा. विमा रक्कम जीएसटीशिवाय असेल तर भांडण कठीण आहे. सॅल्व्हेज म्हणून विकलेल्या मालाचं क्रेडिट उलटवायचं नसतं, त्याच्या विक्रीवर नेहमीसारखा कर लागतो. म्हणून नष्ट झालेला आणि सॅल्व्हेज झालेला माल यांच्या याद्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या हव्यात.

यंत्रं

मोटर, लेथ, शिलाई यंत्रं, छपाई यंत्र, फ्रीजर, काहीही असो, ‘चालतंय का बघू’ म्हणून वीज द्यायची नाही. ओल्या वाइंडिंगला वीज दिली की ती जळते. मग पुराने बिघडलं की आपण जाळलं, हा वाद उभा राहतो. मोटर उघडायची, चिखल स्वच्छ पाण्याने धुवायचा, ओव्हनमध्ये किंवा गरम हवेने सुकवायची आणि मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) इन्सुलेशन तपासायचं. साध्या 415 व्होल्टच्या मोटरला एक मेगाओमच्या वर आकडा आला तरच पुढे जायचं. बेअरिंगं बदलायचीच, धुऊन ती टिकत नाहीत. लेथच्या बेडवर, स्लाइडवर चिखल पुसल्याबरोबर तेल लावायचं. कंट्रोल पॅनेलमधली कार्डं सुकवून चालू झाली तरी काही आठवड्यांनी दगा देतात, म्हणून कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरचा लेखी अहवाल घ्यावा. ‘दुरुस्त होणार नाही’ हे तो म्हणाला तर वजन पडतं, आपण म्हटल्याने नाही.

दुरुस्तीचं अंदाजपत्रक यंत्रागणिक वेगळं हवं : सुटे भाग, मजुरी, वाहतूक. बदललेले खराब भाग फेकायचे नाहीत, सर्व्हेअर ते पाहायला मागतो.

यंत्रांच्या विमा रकमेत एक चूक सर्रास दिसते : ताळेबंदातली घसारा वजा किंमत जशीच्या तशी पॉलिसीत लिहिलेली असते. दहा वर्षांपूर्वी 3,00,000 ला घेतलेल्या लेथची किंमत 15 टक्के घसाऱ्याने वहीत सुमारे 59,000 उरते. तसाच नवा लेथ आज 4,00,000 चा असेल आणि पॉलिसी नव्या किमतीच्या पायावर, म्हणजे रीइन्स्टेटमेंटवर असेल, तर विमा पंधरा टक्केसुद्धा नाही. दुरुस्तीला 80,000 आले तर हातात 11,800 येतात. या पायावर पूर्ण पैसे मिळायचे तर यंत्र प्रत्यक्ष बदलून किंवा दुरुस्त करून बिल द्यावं लागतं. तोवर कंपनी घसारा वजा करून हिशोब करते आणि फरक नंतर देते. म्हणून यंत्र लगेच घेणं जमत नसेल तर तसं कळवून मुदत लेखी मागून ठेवावी.

सॅल्व्हेज

पूर ओसरला की दुसऱ्या दिवशी भंगारवाले आणि ‘पुराचा माल’ उचलणारे व्यापारी दारात उभे राहतात. सर्व्हेअरच्या लेखी होकाराशिवाय किलोभरही विकायचं नाही. तीन वेगवेगळ्या खरेदीदारांकडून लेखी भाव घ्यायचे आणि सर्व्हेअरला द्यायचे. त्याने मनानेच 30 टक्के सॅल्व्हेज धरलं आणि बाजारात 12 टक्केच येत असेल, तर ‘या भावाने माल कंपनीनेच उचलावा’ असं लेखी कळवावं. या एका वाक्याने आकडा बऱ्याचदा खाली येतो. भिजलेलं सिमेंट, प्लायवूड, फोमच्या गाद्या यांना बाजारात काहीच किंमत येत नाही, तिथे सॅल्व्हेज शून्य मागायला संकोच करू नये.

पैसे आणि बँक

कर्ज असेल तर पॉलिसीवर बँकेचं नाव असतं आणि क्लेमचे पैसे कर्जखात्यात जातात. शाखेत आधीच बोलून ठेवावं. पैसे कॅश क्रेडिट खात्यात जमा होऊन मर्यादा तशीच राहिली तर नवा माल भरता येतो. शाखेने मर्यादाच कमी केली तर दुकान पुन्हा उभं राहत नाही. बँकेने स्वतः काढलेला विमा पुष्कळदा कर्जाच्या रकमेएवढाच असतो, मालाच्या किमतीएवढा नसतो. अ‍ॅव्हरेज लागण्याचं हे फार मोठं कारण आहे. अशा विम्याची प्रत दर वर्षी शाखेकडून मागून घ्यावी. पुष्कळांनी ती कधी पाहिलेलीच नसते.

अंतिम हिशोब लांबणार असं दिसलं तर काही रक्कम आगाऊ, ‘ऑन अकाउंट’ मागावी. पहिला प्राथमिक अहवाल गेल्यावर ती मिळू शकते, पण ती लेखी मागावी लागते.

मंजूर रकमेचं पत्र आलं की सही करण्याआधी सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा. ती मिळण्याचा विमाधारकाला हक्क आहे. तीत प्रत्येक कपात ओळीने पाहायची : जुना माल, सॅल्व्हेज, अ‍ॅव्हरेज, जीएसटी, एक्सेस. बेरजा स्वतः करून पाहाव्यात, शेकडो फाइलींच्या घाईत आकड्यांच्या चुका होतात. ‘संपूर्ण व अंतिम समाधान’ असं छापलेल्या पावतीवर सही करावीच लागली, तर त्याआधी हरकतीचे मुद्दे ईमेलने कळवून ठेवावेत.

मंजूर रक्कम पटली नाही किंवा क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाला लेखी तक्रार द्या. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणारा अधिकारी) जाता येतं. एकल मालकीचे व्यवसाय आणि सूक्ष्म उद्योग तिथे जाऊ शकतात, म्हणून उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र जोडावं. 50 लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात, फी नाही, वकील लागत नाही, आणि अर्ज कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. कोल्हापूर, सांगली, रत्नागिरीकरांसाठी कार्यालय पुण्याला आहे. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नाही. तो पटला नाही तर ग्राहक आयोगाचा मार्ग खुला राहतो.

तक्रारीत कपातीविरुद्ध आपला पुरावा जोडीने मांडावा : सॅल्व्हेज 30 टक्के धरलं, इथे तीन भावपत्रं. माळ्यावरचा माल 6 लाख धरला, इथे सर्व्हेअरच्याच सहीची 4,20,000 ची यादी. पाणी 3 फूट धरलं, इथे मोजपट्टीसह भिंतीचा फोटो.